प्रिचर्डचा जाळीचा दिवा

मी एक जुना खाणदिवा आहे. घरी येणारे पाहुणे मला कंदील समजतात. कुणी "अय्या, किती क्यूट!" म्हणत माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतं. मित्रांनो, मी कंदील नाही आणि क्यूट तर मुळीच नाही. माझ्या तळाशी तेलाची टाकी आहे, तिच्यावर जाड काच आणि काचेवर तारेची बारीक जाळी. माझी ज्योत त्या जाळीबाहेर पडत नाही. ह्या जाळीसाठीच मला घडवलं गेलं.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि तिथून वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या एका कोळशाच्या खाणीत आलो. जमिनीखाली कोळशाबरोबर एक वायूही दडलेला असतो. त्याला उघडी ज्योत लागली की भडका उडतो आणि माणसं जागच्या जागी भाजून निघतात. त्या काळी असे भडके वारंवार उडत. भलत्या वेळी खाणीचा भोंगा वाजला की गावातल्या बायका चुलीवरचं तसंच टाकून खाणीच्या तोंडाकडे धावत सुटायच्या.

मला हातात घेणाऱ्या माणसाचं नाव प्रिचर्ड होतं. हा सावकाश बोलणारा माणूस वेल्समधून आलेला होता. कामगार आत जाण्याआधी खाण तपासणं हे त्याचं काम. तो मला हळूहळू छताकडे उचलायचा. ज्योतीवर निळसर टोपी दिसली की तिथे वायू साठलाय. ज्योत मलूल झाली की श्वासापुरती हवा नाही. बघून झालं की तो खडूने भिंतीवर खूण करायचा आणि मगच माणसं कामाला लागायची. रोज घरी गेल्यावर तो माझी काच पुसायचा. "आमचा दिवा खोटं बोलत नाही," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

त्या खाणीत एक लाकडी दार होतं. ते बंद असलं की पंख्याची हवा वळून आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचायची. पण कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या खेचरांना प्रत्येक खेपेला त्या दारापाशी थांबावं लागे. मुकादमाला ते बघवत नसे. शेवटी त्याने दाराला दगड लावून ते उघडंच ठेवलं. प्रिचर्ड दगड काढायचा, मुकादम पुन्हा लावायचा. एकदा प्रिचर्ड त्याच्यावर चांगलाच उखडला, तेव्हा मुकादम हसून म्हणाला, "एवढ्याशाने काय होतंय?"

हिवाळ्यातल्या एका सकाळी ते झालं. प्रिचर्डच्या तपासणीनंतर दार पुन्हा उघडं राहिलं, आतल्या कोपऱ्यात वायू साचला, कुणाच्या तरी उघड्या दिव्याने तो पेटला आणि डोंगर आतून हादरला. कितीतरी माणसं गेली. इटलीची, हंगेरीची, पोलंडची, कालपरवाच बोटीतून उतरलेली. प्रिचर्ड तपासणी संपवून नुकताच बाहेर आला होता. आत कुणी जिवंत असेल म्हणून तो चार जणांना घेऊन परत निघाला. मी त्याच्या हातात होतो. वाटेत त्याने मला छतापर्यंत उचललं, जमिनीपर्यंत खाली धरलं. निळी टोपी नव्हती. ज्योत ताठ आणि पिवळी होती.

"दिवा नीट जळतोय. हवा चांगली आहे. चला," तो म्हणाला.

हवा चांगली नव्हती. भडक्यानंतर खाणीत एक वेगळाच वायू उरतो. तुम्ही त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणता. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माझी ज्योत जराही हलत नाही. तो वायू ओळखणं माझ्या घडणीतच नाही. प्रिचर्ड आधी गुडघ्यांवर बसला, मग भिंतीला टेकला. बाकीचे त्याच्या आसपास आडवे झाले. कुणी ओरडलंसुद्धा नाही. तेल संपेपर्यंत मी त्याच्या पायाशी जळत राहिलो.

शोधायला आलेल्यांनी मला त्याच्या घरी पोचवलं आणि पुढची वर्षं मी तिथल्या माळ्यावर धूळ खात काढली. मग त्याच्या पणतीने मला डॉक्टर गिरीश ह्यांच्या हातात ठेवलं. हे डॉक्टर तरुणपणी नागपूरहून त्या डोंगरात आले होते. कोळशाच्या धुळीने काळी पडलेली खाणवाल्यांची फुप्फुसं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. प्रिचर्डचं काय झालं ते पणतीने त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मनात जपून ठेवलं. निवृत्त होऊन मॉरिसव्हिलला राहायला गेले तेव्हा त्यांनी मला आपल्या लेकीला, उत्तराला देऊन टाकलं. उत्तरा मिशिगनमध्ये नोव्हायला राहते. तिचा नवरा सिद्धेश मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि त्यांना सलोनी नावाची मुलगी आहे.

मला दिवाणखान्यात ठेवताना डॉक्टर सिद्धेशला समजावत होते. "ज्योत निळी झाली तर मिथेन. मंद झाली तर ऑक्सिजन कमी. आणि तिसरी गोष्ट, सिद्धेश, सगळ्यांत महत्त्वाची..."

"पप्पा, पुऱ्या गार होतायत, आधी जेवून घ्या ना!" उत्तराने आतून हाक मारली. सगळे उठले. तिसरी गोष्ट राहिली ती राहिलीच. त्यानंतर सिद्धेश प्रत्येक पाहुण्याला माझ्याबद्दल कौतुकाने सांगायचा, पण दोनच गोष्टी.

मागच्या हिवाळ्यात सिद्धेशची आई, रत्नाबाई, अमरावतीहून आल्या. एकुलत्या एका मुलाचा संसार बघायला पहिल्यांदाच आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वरणाला लाल मिरचीची फोडणी दिली आणि स्वयंपाकघराबाहेरच्या छतावरची अलार्मची डबी किंचाळायला लागली. धूर आणि विषारी वायू, दोन्ही ओळखणारी, बॅटरीवर चालणारी डबी होती ती. रत्नाबाईंच्या हातातला झारा पडला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. "तुमच्या ह्या घराला माझा स्वयंपाक काही चालत नाही बाई," असं म्हणून त्या हसल्या, पण मग फोडणी द्यायच्याच बंद झाल्या. बिनफोडणीचं वरण सिद्धेशने दोन दिवस खाल्लं.

मग तो खुर्चीवर चढला आणि त्याने डबी काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

"अरे, परत कधी लावणार?" उत्तराने विचारलं.

"आई गेल्यावर लावतो ना. वरच्या फ्लोअरवर आहे की एक. एवढ्याशाने काय होतंय?"

मित्रांनो, हे वाक्य मी ओळखलं. मुकादमाने खेचरांसाठी दार उघडं ठेवलं होतं, ह्याने आईसाठी डबी काढली होती. मला सिद्धेशचा राग येत नाही. त्याने ते प्रेमापोटी केलं, आणि म्हणूनच मला अजून जास्त वाईट वाटतं.

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं. झाडं काचेसारखी झाली, विजेच्या तारा तुटल्या आणि घरातली हीटिंग बंद पडली. दुसऱ्या दिवसापर्यंत रत्नाबाईंचे गुडघे आखडून गेले. हॉटेलं भरलेली, रस्ते बंद. सिद्धेशने वास्तुशांतीचं तांब्याचं होमकुंड काढलं, बार्बेक्यूचे कोळसे मागच्या अंगणात लालबुंद होईपर्यंत फुलवले आणि ते आत आणलं.

"घे आई, तुझ्यासाठी शेगडी! धूर अजिबात नाही."

"अगदी माहेरी बसल्यासारखं वाटतंय रे," रत्नाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केले.

"सिद्धेश, विंडो थोडी ओपन ठेवू या का?" उत्तराने विचारलं.

"अगं, सगळी हीट निघून जाईल यार. थांब, चेक करतो." त्याने माझ्या टाकीत तेल घातलं आणि मला पेटवून कुंडाजवळ ठेवलं. "बघ, फ्लेम एकदम स्टेडी आहे. ऑक्सिजन ओके. नो प्रॉब्लेम!"

एवढ्या वर्षांनी मला कुणीतरी पेटवलं होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं. गॅरेजच्या दारावर फांदी कोसळली होती, ती कापायला सिद्धेश शेजाऱ्याबरोबर बाहेर गेला. उत्तरा आणि सलोनी वरच्या खोलीत दार लावून पांघरुणात शिरल्या. दिवाणखान्यात मी आणि रत्नाबाई उरलो. थोड्या वेळाने त्यांनी कपाळ दाबलं. "डोकं का जड झालं बाई?" असं स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांची मान शालीवर कलली. प्रिचर्डची अशीच कलली होती. मी जिवाच्या आकांताने विझायचा प्रयत्न केला. पण माझी ज्योत ताठ आणि पिवळीच राहिली.

बऱ्याच वेळाने वरच्या मजल्यावरची डबी किंचाळली. उत्तरा खाली धावत आली, तिने दार सताड उघडलं, सिद्धेशला हाका मारल्या. सलोनी जिन्यात उभी राहून "आजी, वेक अप! आजी, प्लीज!" म्हणत होती. सिद्धेशने आईला उचलून बर्फात नेलं. अँब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही.

डॉक्टर गिरीश रस्ते उघडल्यावर पोचले. सिद्धेश त्यांच्यासमोर मला हातात घेऊन बसला होता.

"पप्पा, दिवा तर नीट जळत होता," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि राहिलेली तिसरी गोष्ट सांगितली, की निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ह्या ज्योतीला कळत नाही. सांगताना तेही रडत होते.

आता ती डबी पुन्हा छतावर आहे. ह्या घरात वरणाला फोडणी पडली की ती किंचाळते. सिद्धेश खिडकी उघडतो आणि ती आपोआप गप्प होईपर्यंत तिच्याखाली उभा राहतो. सलोनीने कान झाकले तर तो तिचे हात हळूच खाली घेतो.

मित्रांनो, तुमच्या घरातली अशी डबी ओरडली तर तिच्यावर चिडा, वैतागा, पण तिला काढू नका. खिडकी उघडा. आणि माझी हौस असेल तर मला खुशाल पेटवा, फक्त माझ्या उजेडावर विसंबू नका. मी प्रिचर्डजवळ जळत होतो. मी रत्नाबाईंजवळही जळत होतो.