नकाशाच्या कोपऱ्यातला शिक्का

मी शिक्का बोलतोय. पोस्टातला नव्हे, रेशनच्या दुकानातला नव्हे. इमारतींचे, पुलांचे नकाशे जिथं निघतात, त्या अमरावतीच्या एका कचेरीतला, लाकडी मुठीचा रबरी शिक्का. आणि आधीच सांगून ठेवतो, मी गोडगोड बोलणार नाही. माझ्या तोंडून वर्षभर खोटं वदवून घेतलंय, आणि माझं डोकं अजून तापलेलं आहे.

नकाशाच्या उजव्या अंगाला, खाली कोपऱ्यात एक चौकट असते. काम कोणतं, गाव कोणतं, नकाशा काढला कुणी, तपासला कुणी, मंजूर कुणी केला, सगळं तिच्यात. माझ्या जन्माआधी ही चौकट जो तो हातानं काढायचा. पट्टी धरून रेघा, मग काळ्या शाईनं एकेक इंग्रजी अक्षर. वेळ जायचा, खरं आहे. पण त्या अक्षरावरून माणूस ओळखू यायचा. सही नसली तरी कचेरीतले लोक लांबूनच सांगायचे, हा अमक्याचा नकाशा.

वच्छला तायडेचं अक्षर तर काय सांगू! जुने नकाशे कपाटातून निघाले की मी पाहायचो. ही पोरगी बडनेऱ्याची. बाप बुधाजी रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन. छप्पन साली घर बौद्ध झालं, आणि बुधाजीनं तेव्हाच ठरवलं की पोरीनं शिकायचं. ती ड्रॉइंगच्या परीक्षा देत देत इथवर आली. सगळ्या कचेरीत नकाशे काढणारी बाई ती एकटीच.

आमचे हेड ड्राफ्ट्समन खुशालराव काळमेघ. त्यांच्या डोक्यात आलं, चौकटीचा शिक्काच करून टाकू. कल्पना वाईट नव्हती हो! रोज तेच ते लिहिण्यात कुणी जन्म का घालवावा? गेले ते जुन्या शहरात, परकोटाच्या गेटाच्या आत, नत्थुजी शिक्केवाल्याच्या दुकानात. नत्थुजीनं अक्षरांचे खिळे जुळवायला घेतले नि विचारलं, "साहेब, 'ड्रॉन बाय'च्या पुढं जागा मोकळी सोडू नं?"

"मोकळी कायले? माह्यं नाव टाक. के. एन. काळमेघ."

"पण सारे नकाशे तुमीच काढता काय?"

"तुले शिक्का कराचा हाये का चौकशी?"

नत्थुजीनं नाव जुळवलं. साच्यात रबर दाबलं गेलं, तापलं, आणि मी जन्मलो, कपाळावर दुसऱ्याचं नाव घेऊन. मला कुणी विचारलं होतं का?

मग सुरू झालं माझं काम. खुशालराव दिवसभर खुर्चीत सुपारी कातरत बसणार. वच्छला पारदर्शक मेणकापडावर मान मोडून रेघा मारणार. हिवरखेडची शाळा तिनं काढली, नाल्यावरचा पूल तिनं काढला. नकाशा पुरा झाला की खुर्चीतून आवाज यायचा, "शिक्का मार!" तिच्याच हातानं मला उचलायला लावायचे, तिच्याच कामावर आपटायला लावायचे. धप्प! ड्रॉन बाय के. एन. काळमेघ. मग तो नकाशा रसायनाच्या कागदावर उन्हात ठेवून त्याच्या निळ्या प्रती निघायच्या, आणि प्रत्येक प्रतीवर तेच नाव. अरे, लाज कशी वाटत नाही माणसांना! मी रबर असून मला वाटायची.

एका दुपारी वच्छला डबा न उघडताच बसून राहिली. शेजारच्या टायपिस्ट दुर्गाबाईंनी विचारलं, "काहून वं, अकोल्याले गेलती नं तू नौकरीसाठी? काय झालं?"

"काय होते? म्या नकाशे दाखोले. साहेब म्हणे, हे तं काळमेघांचे हायेत. म्या म्हटलं, मीच काढले. तं म्हणे, ठीक हाये, तुमचं नाव दाखवा." तिनं डबा बाजूला सारला. "नाव कुठून दाखवू बाई? नावाच्या जागी हा मेला शिक्का!"

मेला शिक्का म्हणजे मी. ऐकून घेतलं.

"मंग नाई म्हटलं त्यायनं?"

"सोमवारपर्यंत माह्या नावाचा, यंदाचा एक तरी नकाशा पाह्यजे म्हणे. नाई तं जागा दुसऱ्याले. बार्शीटाकळीच्या दवाखान्याचा नकाशा शनिवारी त्याच हापिसात मंजुरीले जाऊन राहिला. त्याच्यावर माह्यं नाव गेलं तं होते काम."

शनिवार उजाडला. दवाखान्याचा नकाशा बोर्डावर तयार होता, फक्त चौकट बाकी होती. शिपाई नकाशा ठेवायची पत्र्याची नळी घेऊन दारात उभा, कारण अकोल्याची गाडी गाठायची होती. वच्छला खुशालरावांसमोर गेली.

"साहेब, ह्या एका नकाशाची चौकट मी हातानं काढतो. माह्यं नाव लिहितो."

"नाई. शिक्का म्हणजे शिक्का. कचेरीची शिस्त हाये."

"काढला तं मी नं?"

खुशालराव हसले. कसले हसले, दात दाखवले. "तायडे नावानं नकाशा गेला तं अकोल्याचे लोक काय म्हणतीन? कचेरीची काही इज्जत हाये का नाई? मार शिक्का."

मला वाटलं, ही आता रडेल. छे! ती जागेवर आली. शाईची चूक मेणकापडावरून खरवडायला तिच्या पेटीत एक ब्लेड असायचं, ते काढलं. मला उलटं धरलं आणि माझ्या तोंडावरची 'के. एन. काळमेघ' ही अक्षरं सोलून काढली, मुळापासून, खुशालरावांच्या डोळ्यांदेखत. दुखलं का म्हणता? अहो, बरं वाटलं! घशात अडकलेला काटा निघाल्यासारखं वाटलं.

धप्प! मी उमटलो. 'ड्रॉन बाय', आणि पुढं कोरी जागा. तिथं तिनं आपल्या अक्षरात लिहिलं, व्ही. बी. तायडे.

खुशालराव ओरडत उठले, नकाशा ओढायला धावले. तेवढ्यात कचेरीचे मुख्य, थोरले साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले. "काय गोंधळ आहे? गाडी चुकेल. हा कुणी काढला?"

सगळी कचेरी माना खाली घालून बसली. भित्रे लेकाचे! दुर्गाबाई तेवढ्या उठल्या. "वच्छलानं काढला साहेब. आजवरचे सारे तिनंच काढले."

साहेबांनी खुशालरावांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि सही ठोकली. न्याय म्हणून नव्हे, गाडी चुकू नये म्हणून. उगाच कुणी त्यांचे गोडवे गाऊ नका.

वच्छलाला अकोल्याच्या नोकरीचा हुकूम आला. जाताना तिनं मला हातात घेतलं, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि परत शाईच्या डबीवर ठेवलं.

खुशालरावांनी नवा शिक्का मागितला. साहेब म्हणाले, "हा उमटतो ना? मग चालवा." म्हणून मी अजून आहे, तोंडाला भगदाड घेऊन. आता जो काढतो तो त्या जागेत आपलं नाव लिहितो. काही पोरं तर आधी कच्च्या कागदावर चार वेळा गिरवून पाहतात. खुशालरावांचं नाव मात्र त्या जागेत आजवर एकदाही आलेलं नाही. कसं येईल? त्यासाठी एक तरी नकाशा काढावा लागेल.

तर बाबांनो, शिक्के करा, खुशाल करा. माणसांचे हात मोकळे होऊ द्या. पण नावाची जागा सोडा. नाही सोडली, तर ब्लेड कुणाच्याही पेटीत असतं.