आवाज बंद करून पाहिलेलं गाणं

आठ महिने मी एकाच गाण्याचा व्हिडिओ आवाज बंद करून बघतेय. माझ्या गाइड बाईंचा दंडकच आहे: आवाज चालू असला की माणूस वाहवत जातो आणि मोजायचं राहून जातं. म्हणून मी मोजलं. साडेतीन मिनिटांत एकशे बेचाळीस कट, नायिकेचा चेहरा फक्त एकोणीस सेकंद. हल्ली ते कट मला जेवतानाही दिसतात. तरी बाईंनी प्रबंधाचं प्रकरण तिसऱ्यांदा परत पाठवलं, समासात एकच प्रश्न लिहून: ‘पण हे गाणं लोकांना एवढं का आवडतं?’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात शेजारच्या खोलीत आत्याचा रेडिओ. शिलाई मशीनच्या खडखडाटातून कोणीतरी गळा काढून गात होतं आणि आत्या त्याच्याबरोबर गुणगुणत होती. मी तरातरा गेले आणि रेडिओ बंद केला.

“आत्या, मला त्या गाण्याचं काम करू दे ना. डोकं उठलंय माझं.”

आत्याने मशीन थांबवलं, गुणगुणणं नाही. कडवं पुरं करून मगच ती बोलली.

“मग बंद कशाला केलंस? आठ महिने ज्याचं नाव घेऊन आमचा जीव खातेस, तेच तर लागलं होतं.”