लांबलेला पूर्वरंग

त्या एकादशीला महिपतबुवांचा पूर्वरंग काही केल्या संपेना.

आमच्या शिंदे की छावनीतल्या राममंदिरात पूर्वरंग झाला की बुवांना बुक्का लावून हार घालायचा मान आमच्या घराकडे. तो हे घालायचे. हे म्हणजे बळवंतराव, ग्वाल्हेरच्या हायकोर्टातले वकील. पण संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, दोन वर्षांपूर्वी तोही मोडला. कोर्टाचं मुख्य ठाणं जबलपूरला गेलं, भाऊजींची कचेरी भोपाळला. तेवढ्यात रशियानं आभाळात कृत्रिम चंद्र सोडला आणि त्या वरच्या जागेचे कायदे लिहायला दिल्लीनं यांना बोलावलं. सासूबाई देवळात सगळ्यांना सांगायच्या, "थोरला भोपाळला, कोर्ट जबलपूरला, नि धाकटा आभाळात. ग्वाल्हेरात काय, मी आणि माझे गुडघे!"

आता त्याच कायद्यांसाठी परदेशात समिती बसणार होती. हे त्या दिवशी दिल्लीहून यायचे होते, दुसऱ्या सकाळी मुंबईच्या गाडीनं पुढं जायचे होते. किती वर्षं, ते ठरलेलं नव्हतं. महिनाअखेर सासूबाई आणि मीही भाड्याचं घर सोडून भोपाळला भाऊजींकडं जाणार होतो. मला झोप लागत नव्हती ती एवढ्याचसाठी, की हे परततील ते ज्या दारातून गेले त्या दारात नाही. यांनी कधी न पाहिलेल्या गावात, परक्या घरात मी उभी असेन.

गाडी लेट होती. बुवांनी दाराकडं पाहिलं आणि आणखी एक दृष्टान्त लावला. पुन्हा पाहिलं, पुन्हा एक. तबलजींनी घाम पुसला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बुवा, हार सुकून राहिला आहे!"

"सुकू दे," बुवा म्हणाले, "देवाला घाई नाही."

अखेर हे आले, हातात बॅग तशीच. हार घातला, बुवांच्या पाया पडले. नारदाच्या गादीवरचा माणूस, पण स्वभावानं मिस्कील. झांज थांबवून त्यांनी भर सभेत विचारलं, "वकीलसाहेब, आभाळात सोडलेली वस्तू कुणाची हो?"

"ज्या राज्यानं सोडली त्याची. असंच लिहावं म्हणतोय आम्ही. कितीही लांब गेली तरी त्याचीच."

"आणि मागं ते राज्यच मोडलं तर? आम्हाला विचारा, आम्ही दोनदा मोडलोय!"

सगळे हसले. हेही हसले. "त्यावर अजून बोलणं चाललंय, बुवा."

उत्तररंगात आख्यान कुठलं लागलं, विचारू नका. लहानपणापासून कीर्तन ऐकतेय, पण कीर्तनात बसून कीर्तन ऐकलं नाही असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. रामरायानं क्षमा करावी.

सकाळी चहा देताना मी सासूबाईंना म्हटलं, "आई, भोपाळला तुम्ही जा. मी इथंच राहते. देवळामागं मंदाताईंकडं दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"एकटी? डोकं फिरलंय का तुझं?"

"हे परत येतील ते कुठं?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. मग पदरानं डोळे टिपून खेकसल्या, "मग देव्हारा इथंच ठेव. मला तिकडं एक तसबीर पुरे. आणि नैवेद्याला उशीर केलास तर भोपाळहून ओरडेन!"

टांगेवाला बाहेरून हाका मारत होता, "साहब, गाड़ी छूट जाएगी!" हे टांग्यात बसले आणि वाकून हळूच विचारलं, "शरयू, करमेल का गं?"

"नाही करमणार," मी म्हटलं. "पण जिथून सोडतेय तिथंच असेन. तुमच्या त्या कायद्यात हेही लिहा."

यांना हसायचं होतं, ते जमलं नाही. टांगा फूलबागेकडं वळेपर्यंत हे मागं वळून पाहत होते.

पुढच्या एकादशीला हाराचं ताट मी घेऊन बसले. पूर्वरंग संपत आला तसं बुवांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं. गाडी नव्हती, कुणी येणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. तरी त्यांनी झांज उचलली आणि आणखी एक दृष्टान्त लावला.

सभेतलं कुणीही उठलं नाही.