बर्चवरची पेटी

सकाळी तसबिरीपुढे दिवा लावायचा, प्रार्थना म्हणायची, उजाडलं की अंगणातल्या फळीवर पाखरांना घालायचं आणि मगच आपण घास घ्यायचा, हा माझा नेम. आमच्या पूर्व फिनलंडात डिसेंबरात उजाडायलाच साडेनऊ होतात. यजमान आजारपणात खिडकीशी पडून पाखरं बघत. जाण्याआधी म्हणाले, "थंडीत घालायला लागलीस की मध्येच थांबू नकोस. ती आपल्या भरवशावर राहतात." मी हो म्हटलं. त्याला ही तिसरी थंडी.

यंदा नाताळआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात पाखरं कमी व्हायला लागली. पिवळ्या पोटाची वीस-बावीस यायची, ती चौदावर आली, मग नऊ. काय चुकतंय ते कळेना. चरबी बिनमिठाची, सूर्यफुलाच्या बिया नव्या पोत्यातल्या. प्रार्थनेत माझं लक्ष नसतं म्हणून का, असंही वाटून गेलं.

शेजारचा ओइवा काठी टेकत आला. "मार्फा, तू उपाशी नि तुझी पाखरं चरबीवर. कंटाळली असतील तुझ्या हातच्याला."

"तुझ्याकडे येतात का?"

"माझ्याकडे कोण येतंय? मीच इथं येतो कॉफीला." बोलता बोलता तो थांबला. "ओलेक्सेईच्या त्या पेटीखाली पिसं कसली गं?"

यजमानांनी, म्हणजे ओलेक्सेईनं, बर्चच्या झाडाला पाखरांच्या घरट्यासाठी पेटी ठोकली होती. थंडीत ती रिकामीच असते. बर्फ एवढा साचला होता की त्यावर उभं राहिल्यावर ती माझ्या छातीशी आली. झाकण उचललं. आत माझीच पाखरं, एकावर एक रचलेली, दगडासारखी गोठलेली.

"पिंगळा," ओइवा म्हणाला. "मुठीएवढा असतो, पण थंडीचं कोठार भरून ठेवतो. तुझी फळी म्हणजे त्याचं दुकानच." मग मेलेल्या पाखरांकडे बघून त्यानं टोपी काढली.

"म्हणजे इतके दिवस मी कुणाला घालत होते?"

"दोघांना. नको वाटत असेल तर बंद कर."

"उणे एकतीस आहे. उरलेली नऊ मरतील."

"मग घाल."

"घातलं की ती इथं येणार, आणि तो नेणार."

"मग नको घालूस. मला कशाला विचारतेस? मी चर्चला वर्षातून एकदा जाणारा माणूस."

बर्फात पुरावं म्हणून एक पाखरू मी हातात घेतलं. त्याला वजन असं नव्हतंच. पण पेटी रिकामी केली तर पिंगळा भुकेनं उरलेल्यांच्या मागे लागेल, आणि भूक तर त्यालाही देवानंच दिली. ही दया की भित्रेपणा, मला ठरवता येईना. पाखरू जागच्या जागी ठेवलं नि झाकण लावलं.

दुसऱ्या सकाळी 'सर्व जिवांना तू घास देतोस' या शब्दांपाशी प्रार्थना अडली. पुन्हा सुरुवातीपासून म्हटली, पुन्हा तिथंच अडली. तशीच उठले, फळीवर बिया पसरल्या, चरबी टांगली. पाखरं आली. आठ होती. पिंगळा पेटीवर डोळे मिटून बसला होता.

घरात लापशी निवत होती. पाखरांना घालून झालं की मग खायचं, एवढाच तर नेम. पण सगळ्यांना घालून झालं की नाही, तेच मला सांगता येईना. मी चमचा हातात धरून खिडकीशी उभी राहिले.