सत्तावीसपर्यंत

सायलीला माहेरी कुणी सायली म्हणत नसे. ‘सत्तावीस’ म्हणत. नाव ठेवलं होतं चुलतभाऊ इंद्रजीतनं. ती आठ वर्षांची होती. सोयगावकडच्या मळ्यातल्या विहिरीत पोरं पोहायला शिकत होती, हिलाही पाठीला रिकामा डबा बांधून उतरवलं. चौदा वर्षांच्या इंद्रजीतनं डबा सोडला, पायरीवर बसून तिच्या डोक्यावर पाय दाबला आणि काठावरच्या पोरांना मोजायला लावलं. पोरांनी सत्तावीसपर्यंत मोजलं. ती वर आली, ओकली, रडली, आणि सगळे पोट धरधरून हसले.

पुढं पंचवीस वर्षं ती अंघोळीला डोक्यावरून पाणी घेताना डोळे उघडे ठेवायची. इंद्रजीत मात्र प्रत्येक लग्नकार्यात तो किस्सा तिखटमीठ लावून सांगायचा. अशा माणसाला लोक ‘मनमोकळा’ म्हणतात. सायलीनं मनात डूख धरला होता, आणि माहेरच्या जेवणावळीत ती हसून वाढत राहिली.

गेल्या वर्षी तिनं जुनेद सरांकडं नाव घातलं. नौदलातून निवृत्त झालेला हा माणूस दर रविवारी एका शाळेच्या बारा फूट खोल तलावात पाठीला हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरायला शिकवायचा. भीती जावी म्हणून शिकते, असं ती सांगे. खरं तर ती पाण्यावर चिडलेली होती. तलावातले धडे झाले, मग मालवणच्या समुद्रात परीक्षा. चाळीस फूट खाली, तोंडातल्या नळीतून सावकाश श्वास घेताना तिच्या ध्यानात आलं की इथं आपल्याला कुणी हाक मारू शकत नाही. झालं, वेड लागलं. हातात पाणबुड्याचं कार्ड पडून चार महिने झाले नाहीत तोवर तीनदा मालवण झालं. नवरा सुदर्शन म्हणायचा, “उस्मानपुऱ्यात नळाला आठवड्यानं पाणी येतं, आन् आमची बायको पाण्याखाली जायला सहाशे किलोमीटर जाते!” ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा माशांबद्दल बोलायला लागायची. जानेवारीत सर एक गट घेऊन अंदमानला जाणार होते. त्या गटात जागा मिळावी म्हणून तिनं त्यांच्यामागं नुसता धोशा लावला होता. सर म्हणायचे, “नवीन आहात मॅडम. देखेंगे.”

तिचे फोटो बघून इंद्रजीतला हुक्की आली. “ए सत्तावीस, मला बी दाखव की तुझं ते पाण्यातलं!”

सायली म्हणाली, “ये की दादा.” इतक्या गोड आवाजात ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती.

रविवारी तो बायको प्रेरणासोबत आला. पाटलासारखा मिशीला पीळ भरत काठावर बसला. सरांनी प्रेरणाचा हात धरला, इंद्रजीतला सायलीच्या हवाली केलं आणि चौघं खाली उतरले.

तळाशी गेल्यावर मिशीचा पीळ उतरला. चष्म्यात थेंबभर पाणी काय शिरलं, गडी घाबरला. अंगठा वर करकरून दाखवू लागला. पाण्यात त्याचा अर्थ एकच, मला वर न्या. नळी तोंडात होती, हवा भरपूर होती. त्याला सावकाश वर नेणं एवढंच तिचं काम होतं.

तिनं त्याच्या जॅकेटचे दोन्ही पट्टे धरले आणि खाली दाबले. एक. दोन. तीन. तो झटापट करू लागला. अकराला त्यानं तिच्या मनगटावर नखं रुतवली. सोळाला त्याचे डोळे विनवणी करायला लागले. तिला मजा येत होती; खोटं कशाला सांगा? सत्तावीसला ती थांबली. एक जरी आकडा जास्त मोजला असता तर तो अन्याय झाला असता, असं तिला मनापासून वाटलं. मग शिकवल्याप्रमाणं हळूहळू त्याला वर आणलं.

काठावर इंद्रजीत खोकला, रडला आणि तिचा हात घट्ट धरून बसला. “सायली, तू नसतीस तर मी मेलोच असतो गं!”

सरांनी लांबून बघितलं होतं. घाबरलेला माणूस एकदम वर उसळला तर फुप्फुसाला धोका असतो, म्हणून त्याला रोखून धरणं बरोबरच. ते खूश झाले. “क्या बात है मॅडम! डोकं शांत ठेवलंत. अंदमान पक्कं. माझ्यासोबत मदतीला चला.”

सायलीच्या पोटात आनंद मावेना. गप्प राहायचं, बस्स. अंदमान आयतं पदरात पडत होतं.

तेवढ्यात इंद्रजीत नाक पुसत बायकोला म्हणाला, “बघ, म्या बी हिला विहिरीत असंच धरलं व्हतं. बुडू नये म्हणून. आज फिटलं बघ सगळं.”

सायली उभी राहिली. अंगातून पाणी निथळत होतं.

“नाय दादा. तू मला बुडवत होतास. आन् आत्ता मी बी तुला वाचवलं नाय. मुद्दाम दाबून धरलं. सत्तावीस मोजले.”

इंद्रजीतनं तिचा हात असा सोडला जणू चटका बसला.

प्रेरणानं नवऱ्याकडं बघितलं. “लग्नकार्यात हसत सांगता ते विहिरीचं... खरंच बुडवत व्हता हिला?”

“व्हय,” तो म्हणाला. “मजा म्हणून.”

“आणि तुमचं?” जुनेद सरांनी विचारलं.

“खरं आहे, सर.”

सर पुढं आले. एक शब्द न बोलता त्यांनी तिच्या जॅकेटचे पट्टे सोडवले, सिलिंडर उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतला. “कार्ड तुमचं आहे, ते ठेवा. पण माझ्या पाण्यात परत यायचं नाही. मालवणला, अंदमानला, सगळीकडं मीच फोन करून सांगणार.”

तिनं मान हलवली. कपडे बदलायला गेली, आणि बंद दाराआड ती समुद्रासाठी हमसून हमसून रडली. इंद्रजीतसाठी मात्र डोळ्यातून टिपूस आलं नाही.