पोट सुटलेलं गवत

अळी मेलेलीच होती, पण कोमट पाण्यात भिजून अशी टम्म फुगली होती की चित्रकार बाईंनी मायक्रोस्कोपवरून तोंड फिरवलं आणि नाकाला रुमाल लावला. बाई काही नाजूक नव्हत्या. नवऱ्याच्या गवतांची चित्रं काढण्यात या वनस्पतिसंग्रहालयात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास केसांत मुरला होता. बुरशी, वाळक्या मुंग्या, सगळं पाहून झालं होतं. पण ही अळी नको त्या जागी बसली होती.

त्यांचे यजमान म्हणजे खात्यातले ‘गवत्या’. उष्ण प्रदेशातल्या गवतांपायी सगळी हयात घालवली, चार-दोन जाती शोधल्या, पण अख्खा नवा वंश काही हाती लागला नव्हता. निवृत्ती तोंडावर आली आणि लागला! का, तर या गवताच्या दाण्यावरच्या तुसाला पोट सुटलेलं होतं, आणि तसं पोट दुसऱ्या कुठल्याच गवताला नव्हतं. तेवढ्या पोटावर गवत्यांनी वंश उभा केला आणि लाडात येऊन त्याला बायकोचंच नाव दिलं. शोधनिबंध नियतकालिकाच्या संपादकांनी मंजूर केला होता. छापायचं अडलं होतं ते फक्त बाईंच्या चित्रावाचून.

आणि पोट कसलं, तर अळीचं! अळीने आत घर केलं म्हणून तूस फुगलं होतं. गवत जुनंच, नुसतं किडलेलं.

बाईंना आधी नवऱ्याची कीवच आली. बिचारा फसला, आता त्याला सांगायचं कुठल्या तोंडाने? खात्री करावी म्हणून त्यांनी गवत्यांनीच निवडून दिलेले बाकीचे दाणे भिंगाखाली धरले. सगळे पोकळ. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक, सरळ चीर. किडा काही पट्टी लावून कापत नाही. चिरा पात्याच्या होत्या. गवत्यांनी एकेक अळी काढून टाकली होती आणि ही एक तेवढी नजरेतून सुटली होती.

मग मात्र बाईंना नवऱ्याची शिसारी आली. याच हातांनी तो सकाळी आपल्या खांद्यावर थोपटत होता, या विचाराने त्यांनी खांदा झटकला.

तेवढ्यात गवत्या चहाचे दोन कप घेऊन आले. बाईंनी त्यांना मायक्रोस्कोपपुढे बसवलं.

“अगं, एक राहिली वाटतं,” ते म्हणाले. शरम नाही, काही नाही. “चिमट्याने काढून टाक. आणि चित्र तेवढं संध्याकाळपर्यंत दे.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“जन्मभर चेष्टा सोसली मी. जाता जाता एक वंश नावावर असावा, एवढंच ना? आणि नाव तुझं दिलंय, ते कुणासाठी?”

“किडक्या तुसाला माझं नाव! आणि वर मीच त्याला गोंडस करून दाखवायचं? तो कप तिकडे ठेवा. तुमच्या हातचा चहा उतरायचा नाही माझ्या घशाखाली.”

“हे बाहेर पडलं तर मला कुठे तोंड दाखवायला जागा उरणार नाही गं.”

ते खरंच होतं. आणि त्या तोंडासमोर रोज जेवायला आपल्यालाच बसायचंय, हेही बाईंना ठाऊक होतं. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि अळी कागदावर काढायला घेतली. अंगावरच्या वळ्या, चपटं डोकं, एकही गोष्ट सोडली नाही.

“हे मी स्वतः संपादकांना पाठवणार आहे,” त्या म्हणाल्या.

गवत्या पाठीमागे उभे राहिले. आता ओरडतील, कागद ओढतील, म्हणून बाईंनी कोपर कागदावर घट्ट रोवलं.

“निदान,” गवत्या हळूच म्हणाले, “जरा लहान तरी काढ तिला.”

बाईंनी नवा कागद घेतला, मायक्रोस्कोपचं मोठं भिंग फिरवून आणलं आणि अळी पहिल्यापासून, पानभर काढायला घेतली.