शीळ घालणारी हवेची नळी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारगाडीची हवेची नळी आहे. खरं सांगायचं तर होते. आता मी गॅरेजमधल्या फळीवर, रंगाचा सुकलेला डबा आणि एक फुटका आरसा यांच्यामध्ये पडून असते. रंग काळा, लांबी जेमतेम दोन वितींची आणि मधोमध भात्यासारख्या घड्या. बघण्यासारखं माझ्यात काही नाही. तरीही मला लोक बघायला यायचे, ते पुढे सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. रबरात काजळी आणि गंधक मळून त्याचा गोळा लोखंडी साच्यात दाबला गेला आणि चांगला भाजला गेला. नुसतं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. गंधक घालून भाजलं की त्याला वाकून पुन्हा मूळ आकारात यायची सवय लागते. साचा उघडला तेव्हा माझ्या कुशीवर कारखान्याचा शिक्का उमटलेला होता. या शिक्क्याने पुढे बराच घोळ घातला.

माझं काम सोपं होतं. पेट्रोल जळायला हवा लागते. किती हवा आत गेली हे एक पेटी मोजते आणि त्या मापाने इंजिनाला पेट्रोल मिळतं. पेटीतून निघालेली हवा इंजिनापर्यंत पोचवायची आणि वाटेत बाहेरची चिमूटभरही आत येऊ द्यायची नाही, एवढीच माझी नोकरी. चोरटी हवा शिरली तर पेट्रोलाचं माप चुकतं आणि इंजिन धापा टाकतं. पेटी गाडीच्या अंगाला पक्की बसवलेली, इंजिन मात्र गाडी निघताना एका कुशीवर कलतं. त्या दोघांच्या मध्ये मी वाकत राहायचे. घड्या त्यासाठीच होत्या.

गाडीचे मालक चष्म्याचं दुकान चालवायचे. सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणायची. लग्नानंतर लगेच त्यांनी ही गाडी घेतली, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते आणि त्यांच्या पत्नी फिरायला जायचे. गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री त्या बाईंना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. वहिनींना गाडीतलं काही कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. त्या शेजारी बसायच्या, खिडकीची काच अर्धी खाली करायच्या आणि बोलत राहायच्या.

वर्षं गेली. गाडी जुनी झाली आणि जुनी झाल्यामुळेच तिला मान मिळू लागला. शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं. ज्या गाडीत सगळे भाग मूळचे असतील तिला चांदीचा पेला मिळे. परीक्षक बॉनेट उघडून वाकायचे. एकदा एकाने माझा शिक्का पाहिला आणि तो ओरडलाच, "अहो, ही नळीसुद्धा मूळची? कमाल आहे!" पेला चष्मेवाल्यांना मिळाला.

त्या दिवसापासून माझे लाड सुरू झाले. चष्मेवाले दर शनिवारी मला चकाकीचं तेल चोळायचे. मी आरशासारखी चमकायचे. पण रबराला तेल मानवत नाही, मित्रांनो. ते आत मुरतं, रबर फुगतं आणि त्याची ताकद जाते. वरून मी चमकत होते आणि खालच्या बाजूला, दोन घड्यांच्या खाचेत, मला चीर पडत होती. गाडी उभी असताना चीर मिटलेली असायची. गाडी निघताना इंजिन कललं की ती उघडायची, चोरटी हवा आत शिरायची आणि जाता जाता शीळ घालायची. बारीक, उंच शीळ.

वहिनींना ती पहिल्याच रविवारी ऐकू आली.

"अहो, गाडी शिट्टी मारतेय."

"गाडी कशाला शिट्टी मारेल? बाहेरून कुणी मारली असेल."

"आपण निघालो की बरोबर बाहेर कुणीतरी शिट्टी मारतं होय?"

"तुझे कान म्हणजे ना! नसलेलं ऐकू येतं तुला."

चष्मेवाल्यांनी मिस्त्रींना बसवून एक फेरी मारली. मिस्त्रींनाही काही ऐकू आलं नाही. दोघांनी मिळून ठरवलं की शिट्टी नाहीच. वय झालं की माणसाला आधी उंच आवाज ऐकू यायचे थांबतात, आणि ज्याने उभं आयुष्य लोखंडावर हातोडी चालवली त्याला तर आणखी आधी. गल्लीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांचा नंबर तोंडपाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या कानांची खबर नव्हती.

मग एका रविवारी गाडी रेल्वेच्या फाटकात बंद पडली. फाटक उघडलं, चष्मेवाल्यांनी गाडी काढली, इंजिन कललं, चीर उघडली आणि इंजिनाने मान टाकली. पुढची चाकं रुळांवर होती. मागचे लोक भोंगे वाजवत होते. शेवटी चौघांनी ढकलून गाडी बाजूला केली. वहिनी खाली उतरल्या, पदर खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "या गाडीत मी परत बसणार नाही." त्या बसने घरी गेल्या.

पुढच्या रविवारी चष्मेवाले एकटे निघाले. कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपापर्यंत गेले आणि परत आले. गाडी त्या दिवशी बंद पडली नव्हती. त्यांनी बॉनेट पुसलं, शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं.

मिस्त्रींनी प्लग बदलले. पेट्रोलचा पंप बदलला. वायरी तपासल्या. मला मात्र काढायची मनाई होती.

"तिला काय झालंय? बघा कशी चमकतेय," चष्मेवाले म्हणायचे. मिस्त्री वरून दाबून बघायचे आणि मान डोलवायचे. चीर खाली होती.

एका दुपारी मिस्त्रींनी चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला आणि गाडी गिअरमध्ये टाकून क्लच हळूहळू सोडला, म्हणजे इंजिनावर गाडी निघतानासारखं ओझं येईल. चष्मेवाले बाजूला उभे राहून ऐकत होते. तेवढ्यात वहिनी दाराशी आल्या.

"जेवायचं आहे की नाही? आणि ही शिट्टी बंद करा आधी. डोकं उठलं माझं."

"कुठली शिट्टी?" दोघं एकदमच म्हणाले.

वहिनींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "खरंच ऐकू येत नाही तुम्हांला? मला वाटायचं, कबूल करायला नको म्हणून नाही म्हणताय."

त्या बाजूने पुढे आल्या, कान दिला आणि माझ्याकडे बोट केलं. "ही. ही वाजतेय."

इंजिन बंद झालं. मिस्त्रींनी खालून बोट घालून मला वाकवलं आणि चीर दिसली. चष्मेवाल्यांनी वाकून ती नीट पाहिली. मग म्हणाले, "मिस्त्री, आतून ठिगळ लावलं तर? सायकलच्या ट्यूबला लावतात तसं. शिक्का तरी राहील. प्रदर्शन तोंडावर आलंय."

"लावू की. पण किती टिकेल, सांगता येत नाही."

"लावा हो, खुशाल लावा," वहिनी म्हणाल्या. "फक्त शेजारी मग त्या परीक्षकांना बसवा. फाटकात ढकलायलाही तेच उतरतील."

मिस्त्री हसू दाबायला वाकून ठोकळे काढू लागले. चष्मेवाल्यांना हसू आलं नाही. त्यांनी अंगठा माझ्या शिक्क्यावरून फिरवला, एकदा उलटा, एकदा सुलटा. मग म्हणाले, "नवी मागवा."

नवी नळी आली. तिच्यावर शिक्का नव्हता. इंजिन गार असताना मिस्त्रींनी माझ्या दोन्ही टोकांच्या क्लिपा सैल केल्या. मी ओढून निघेना, तेव्हा त्यांनी मला पिळून सोडवलं. पेटीचं आणि इंजिनाचं तोंड पुसून नवी नळी चढवली आणि क्लिपा बेताने आवळल्या. जास्त आवळल्या तर रबर कापलं जातं. सगळं काम चहा गार व्हायच्या आत झालं. आम्ही दोघी शेजारी शेजारी होतो तेव्हा पाहिलं: नवी माझ्याहून कमी चमकत होती आणि सहज वाकत होती.

रविवारी सकाळी मी फळीवर होते. चष्मेवाल्यांनी गाडी दाराबाहेर काढली आणि इंजिन चालू ठेवलं. फळीवरून मला बाहेरचं दिसत नाही, ऐकू तेवढं येतं. इंजिन बराच वेळ जागच्या जागी चालत राहिलं. मग घरातून पावलं आली आणि डावीकडचं दार उघडलं. "बंद पडली तर ढकलणार तुम्ही, मी नाही," असं कोणीतरी म्हणालं आणि दार लागलं.

मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. एखादी वस्तू आवडते म्हणून तिला नुसती पुसत बसू नका. अधूनमधून वाकवून, उलटी करून बघा. कोणी काही ऐकू येतंय म्हणालं, तर आधी आपले कान तपासा. आणि वस्तूची वेळ झाली असेल, तर तिला बेलाशक काढा. आम्हांला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. वाईट वाटण्याची सोय रबरात नसते.